बियाची स्ट्रॉबेरी

फ्रिजच्या दारात अंडी ठेवायची खाचांची पट्टी असते ना, तिच्या मागे ती पुडी सापडली. तारीख पक्की आठवते. दुसऱ्या दिवशी बकरी ईद होती, १ ऑगस्ट २०२०. त्या वर्षी आम्ही कुर्बानीचे पैसे गावी पाठवले होते, पण ओळखीच्या एक-दोन घरांतून हिस्सा येईल म्हणून मी फ्रिज रिकामा करत होते. वर्तमानपत्राच्या कागदाची, औषधाच्या दुकानात पूर्वी बांधत तशी घडीची पुडी. वर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'अब्बांच्या स्ट्रॉबेरीचं बी'.

अब्बांना जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते.

अब्बा शेतकरी नव्हते, हे आधी सांगायला हवं. आम्ही पाचगणीचे, पण आमच्या नावावर तिथे वीतभर जमीन नाही. अब्बांचा टेम्पो होता. भिलार आणि आसपासच्या गावांतून सकाळी तोडलेली स्ट्रॉबेरी संध्याकाळी भरायची, पसरणीचा घाट उतरून वाईमार्गे रात्रभर चालवत पहाटे वाशीच्या बाजारात पोचवायची, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. हंगाम साधारण नोव्हेंबरअखेरपासून मार्च-एप्रिलपर्यंतचा. बाकीच्या दिवसांत मिळेल ते भाडं. हे फळ एक दिवसही थांबत नाही. झाडावरून उतरलं की त्याचं वय सुरू होतं, असं ते म्हणत. घाटात ब्रेक जपून लावायचा, नाहीतर खालच्या थरातल्या डब्यांतून रस सुटतो. अब्बांच्या सदऱ्याच्या बाहीवर ते गुलाबी डाग कायम असायचे. दबलेला माल व्यापारी घेत नसे. तो घरी यायचा आणि अम्मी त्यात साखर घालून शिजवून बरण्या भरायची. त्यामुळे लहानपणी आम्ही स्ट्रॉबेरी भरपूर खाल्ली, पण अख्खी, न दबलेली क्वचितच.

तर त्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्याहून नागपूरला येणाऱ्या खाजगी बसमध्ये दोन डबे ठेवून पाठवले. आमच्या हाती आले तेव्हा एकाचा लगदा झाला होता. दुसऱ्यातली चांगली फळं आम्ही खाल्ली, खालच्या अम्मांना वाटीभर दिली, आणि लगद्यातलं एक फळ हातात घेऊन मी सहज त्यावरचे दाणे नखाने खरवडून कागदावर वाळत घातले. एका फळावर दोनशेच्या आसपास दाणे असतात. माझी लेक तेव्हा नववीत होती. तिने शास्त्राच्या पुस्तकातलं ज्ञान ऐकवलं : अम्मी, ज्याला तू बी म्हणतेस तेच खरं फळ आहे, आणि आपण जे खातो तो फुगलेला देठ. मी म्हटलं, बरं बाई, देठ तर देठ.

रात्री अब्बांना फोनवर सांगितलं तर ते मोठ्याने हसले. "बेटी, स्ट्रॉबेरी बी से नै लगाते. रनर लगाते."

रनर म्हणजे झाडाने जमिनीवर सोडलेली लांब दोरी. तिच्या पेरावर नवं रोप फुटतं, त्याला मुळं धरली की दोरी तोडायची. ते रोप आईची हुबेहूब नक्कल असतं. महाबळेश्वर-पाचगणीकडे परदेशातून आणलेली मातृरोपं पावसाळ्याच्या आधी वाढवतात, त्यांचे रनर घेऊन रोपं तयार करतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर लावतात. स्वीट चार्ली, कॅमारोसा, विंटर डॉन ही नावं मला पाठ होती. बी कुणीच लावत नाही. कारणही अब्बांनी तेव्हाच सांगितलं : बियाचं रोप काय निघेल याचा भरवसा नाही. गोड फळाच्या पोटी आंबट निघेल, मोठ्याच्या पोटी बोराएवढं निघेल.

मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली. बाजार बंद, गाड्या बंद, पाचगणीचे पर्यटक बंद. ऐन तोडणीचा माल शेतात उभा. फोनवर अब्बा सांगत, लोक स्ट्रॉबेरी गुरांपुढे टाकताहेत. तीस वर्षं ज्या फळाला धक्का लागू नये म्हणून त्यांनी घाटात श्वास रोखून गाडी चालवली, ते पाटीच्या पाटी गाईपुढे ओतताना त्यांनी पाहिलं. "गाय भी दो दिन खाई, फिर मुँ फिराली," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते फोनवर फारसे बोलत नसत.

रमजानच्या चोविसाव्या रोज्याला, सेहरीनंतर, त्यांचं हृदय बंद पडलं. नागपूर ते पाचगणी आठशे किलोमीटरच्या वर. प्रवासाचा पास मिळेपर्यंत दफनविधी होऊन गेला होता. भावाने मोबाइलवर कब्रस्तानाचं दार दाखवलं. आत चारच माणसं. मी इथे जरीपटक्यातल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. याविषयी मी एवढंच लिहू शकते.

जरीपटक्याबद्दल मात्र थोडं लिहायला हवं. जरीपटका म्हणजे मराठ्यांच्या फौजेचं निशाण. नाव असं, आणि वस्ती फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेल्या लोकांची. यांची बँकेतली बदली नागपूरला झाली तेव्हा आम्ही घर शोधत फिरलो. शाखा आणि लेकीची शाळा, दोन्ही या बाजूला होत्या. फोनवर माझं सातारी मराठी ऐकून लोक खूश व्हायचे. प्रत्यक्ष गेलो आणि नाव सांगितलं की घर नुकतंच दुसऱ्याला दिलेलं असायचं. या अंकाच्या वाचकांना हा अनुभव मी नव्याने काय सांगणार! गंमत म्हणजे इथल्या आपल्या लोकांतही मी थोडी परकीच. इकडची मुसलमान घरं हिंदी-उर्दू बोलणारी. 'तुम मराठी में क्यूँ लिखती हो?' हा प्रश्न मला मोमीनपुऱ्यातही विचारला गेला आहे.

अशा वेळी जरीपटक्यातल्या एका जुन्या घराच्या मालकीणबाईंनी दार उघडलं. वय ऐंशीच्या घरात. आमची नावं ऐकून त्यांनी फक्त विचारलं, "बेटा, पानी का टाइम सुबह छे बजे है, चलेगा?" वरचा मजला आम्हाला मिळाला. त्यांना सगळे अम्मां म्हणत, आम्हीही म्हणू लागलो.

आता पुडीकडे येते. त्या ऑगस्टमध्ये मी अर्धं बी कुंडीत पेरलं. मेथी पेरावी तसं, वर बोटभर माती लोटून. तीन आठवडे पाणी घातलं. काही उगवलं नाही. मला वाटलं, अब्बा म्हणाले तेच खरं. मग लेकीने ऑनलाइन वर्गाच्या मधल्या सुट्टीत शोधून सांगितलं की माझ्या दोन चुका झाल्या. या दाण्याला उगवायला उजेड लागतो. तो मातीत गाडायचा नसतो, नुसता वर ठेवून दाबायचा. आणि त्याला ओलसर थंडी सोसावी लागते. हिवाळा येऊन गेला अशी त्याची खात्री पटली तरच तो डोळा उघडतो. पुडी फ्रिजमध्ये होती खरी, पण कोरडी. मग उरलेलं बी ओल्या कागदी रुमालात गुंडाळून, डबीत घालून पुन्हा दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं. हे रोज फ्रिज उघडताना विचारायचे, "अब्बाजींचा हिवाळा संपला का?"

सप्टेंबरात हल्दीरामच्या संत्रा बर्फीचा पारदर्शक झाकणाचा डबा घेतला, तळाला भोकं पाडली, कोकोपीट आणि चाळलेलं शेणखत भरलं. दातकोरणीच्या ओल्या टोकाने एकेक दाणा उचलून वर ठेवला. साठ मोजले. झाकण लावून डबा जिन्याच्या खिडकीत ठेवला. तिथे उजेड येतो, ऊन येत नाही. पाणी वरून घालायचं नाही, डबा परातीतल्या पाण्यात टेकवायचा, म्हणजे माती खालून पिते. सतराव्या दिवशी फजरच्या नमाजनंतर बॅटरी मारून पाहिलं तर मोहरीच्या दाण्याहून लहान, दोन हिरवे ठिपके. मी यांना उठवलं. ते म्हणाले, शेवाळ असेल. शेवाळ नव्हतं.

एकतीस उगवली. पहिली दोन पानं गोल, साधी. तिसरं येतं ते कातरलेल्या कडांचं, आणि तेव्हा कळतं की ही स्ट्रॉबेरीच. ऑक्टोबरच्या उकाड्यात रोज सकाळी दोन-चार रोपं मान टाकून आडवी पडलेली असत. जमिनीलगत खोड काळं पडायचं. झाकण काढून वारा दिला, थोडी राख भुरभुरली. काही मुंग्यांनी नेली. कुंड्यांत हलवण्याइतकी, तीन-चार कातरी पानांची, उरली सहा. हलवतानाही एक धडा : मधला कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे. गाडला तर कुजतो, फार उघडा पडला तर सुकतो.

याच दिवसांत अम्मांशी माझं वेगळं नातं सुरू झालं. दुपारी त्या जिन्यात खुर्ची टाकून बसत, मी वरच्या पायरीवर, दोघींच्या तोंडाला मास्क. डबा पाहून म्हणाल्या, "ये क्या घास उगाई है?" मी अब्बांचं सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही घेऊन आल्या. त्यांचे वडील शिकारपूरला मास्तर होते. घरामागे छोटी बाग होती आणि ही त्या बागेची आणि घरातल्या लोणच्यांची वही. शिकारपूरचं लोणचं सिंधी लोकांत नावाजलेलं. १९४७ मध्ये नऊ वर्षांच्या अम्मा आल्या तेव्हा सामानात ही वही आली. पुढे त्या ती वाचत असत, पण आता नजर गेली. वही अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. मुलगा, नातवंडं, कुणालाही ती येत नाही. इंग्रजी शाळा, हिंदी बोली. "तुम तो क़ुरान पढ़ती हो. ये अक्षर पढ़ लोगी?"

मी पाचगणीच्या आपांकडे शिकलेली. अरबी अक्षरं येतात, उर्दू अडखळत येते. पण सिंधीची अक्षरं बावन्न. कुठे खाली दोन नुक्ते उभे, कुठे चार-चार नुक्ते. मी अडखळत नुसता आवाज काढायचा, अर्थ मला कळत नाही. अम्मांनी डोळे मिटून ऐकायचं, त्यांना दिसत नाही पण सगळं कळतं. चुकलं की त्या आवाज दुरुस्त करत. सिंधीत काही अक्षरं श्वास आत ओढून म्हणतात, ती मला आजही जमत नाहीत. एकदा मी 'ज़ैतून' वाचलं आणि थांबले. म्हटलं, तुमच्या बागेत ज़ैतून होते? हे तर आमच्या क़ुरानातलं झाड! त्या इतक्या हसल्या की मास्क खाली आला. सिंधीत पेरूला ज़ैतून म्हणतात. पुढचं अख्खं पान ज़ैतूनच्या कलमांचं होतं. कुठली फांदी कधी बांधली, कुठली धरली, कुठली सुकली. मास्तरांनी तारखा लिहिल्या होत्या. शेवटची नोंद होती त्यानंतर पानं कोरी.

बाबर बादशहाला हिंदुस्थानात आल्यावर खरबूज कापताना रडू आलं होतं, हे त्याने स्वतः एका पत्रात लिहून ठेवलं आहे. पुढे आग्र्याच्या बागेत त्याने खरबुजं आणि द्राक्षं लावून घेतली. लहानपणी हे वाचलं तेव्हा बादशहा आणि खरबुजासाठी रडतो, याचं हसू आलं होतं.

लेकीने आणखी एक गोष्ट शोधून दिली. ही जी मोठी स्ट्रॉबेरी जगभर खातात ती कुठल्याच गावची नाही. फ्रेंच सैन्यातला फ्रेझिए नावाचा माणूस १७१४ मध्ये चिलीहून मोठ्या फळाची रोपं घेऊन निघाला. सहा महिन्यांचा समुद्रप्रवास, गोडं पाणी मोजून मिळायचं. पाच रोपं जगली. त्यांतली काही त्याला जहाजावर पाणी देणाऱ्यालाच द्यावी लागली. आणि फ्रान्सला पोचल्यावर ती रोपं फुलली, पण फळेनात. कारण सगळी मादी होती. पुढे उत्तर अमेरिकेतल्या लहान, सुवासिक जातीची रोपं त्यांच्या शेजारी लागली, परागकण इकडून तिकडे गेले आणि ही आजची जात जन्मली. १७६६ मध्ये द्युशेन या तरुण अभ्यासकाने हे कोडं उलगडलं. दोन परदेशी, तिसऱ्याच मुलखात शेजारी लावलेली. हिच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ-आठ संच, आणि म्हणूनच बियातून कुठला पूर्वज डोकं वर काढील याचा नेम नाही. अब्बांना हे कारण माहीत नव्हतं, पण निष्कर्ष बरोबर होता. मी अम्मांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना सगळ्यात काळजी त्या पाणी देणाऱ्याची. "उसके पास कितने पौधे बचे?" मी म्हटलं, अम्मां, ते काही लिहिलेलं नाही.

सहा रोपं सहा तऱ्हांची निघाली. एकाची पानं काळसर, एकाची पिवळट, एक बुटकं. चौथं नुसतं पानांनी भरलेलं. जानेवारीत थंडी पडली, सगळी तरारली, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बुटक्याला फूल आलं, पाच पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळं. मधमाश्या दिसेनात म्हणून लेकीने चित्रकलेचा मऊ ब्रश रोज सकाळी फुलातून फिरवला. असं नीट झालं नाही तर फळ एका अंगाने वाकडं होतं, कारण जो दाणा फळत नाही त्याच्याभोवतीचा गर फुगत नाही.

त्याच महिन्यात अम्मी आली. इद्दत संपून चार महिने झाले होते. भावाने गाडीत बसवून दिलं. आल्या दिवशी ती गच्चीवर गेली, कुंड्यांसमोर उकिडवी बसली, पानं उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "ये किसका माल है?" मी पुडीची हकीकत सांगितली. ती कागदाची पुडी मी जपून ठेवली होती, तीही दाखवली. अम्मीने ती उघडली, आत काही नव्हतं, तशीच पुन्हा घडीवर घडी घालून माझ्या हातात दिली.

मार्चमध्ये नागपुरात पुन्हा टाळेबंदी आली आणि अम्मीचं परतणं लांबलं. ऊन चढलं होतं. तीन रोपांना मिळून अकरा फळं धरली. चार बुलबुलांनी नेली. मग मी वर मच्छरदाणीचा तुकडा बांधला. पहिलं पिकलं ते सुपारीहून थोडं मोठं, लालही नीट नाही, खांद्याशी पांढरं. मी त्याचे चार भाग केले. अम्मी, अम्मां, लेक आणि मी. यांनी हौसेने त्याग केला.

अम्मांनी मीठ-मिरची मागितली. लेकीने तोंड वाकडं केलं. अम्मी बराच वेळ तोंडात घोळवत राहिली. शेवटी म्हणाली, "तेरे अब्बा ये गाड़ी में नै भरते."

आणि अम्मी रडायला लागली. मय्यतीच्या दिवशी मी तिला फोनवर रडताना ऐकलं होतं. समोर बसून पाहिलं ते तेव्हाच. अम्मां उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. एक दख्खनी बोलणारी, एक सिंधी. त्यांचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, कारण मी भांडी घासायला आत गेले.

दुसऱ्या रोपाचं एक फळ मात्र निमुळतं, लाल आणि वासाचं निघालं. ते अम्मीने कुणालाही दिलं नाही.

नागपूरचा मे महिना ठाऊक असणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. पारा ४४ वर गेला. हिरवी जाळी बांधली, कुंड्यांभोवती ओली पोती गुंडाळली, दुपारी फरशीवर पाणी मारलं. तरी वासाचं फळ देणारं रोप पहिलं गेलं. एकेक करत पाच गेली. इथे थंड हवेचं फळ लावायचं तर चिखलदऱ्याला जावं. विदर्भात तिथे स्ट्रॉबेरी होते. जरीपटक्याच्या गच्चीवर हा शहाणपणाचा उद्योग नाही, हे मला मान्य आहे.

राहिलं ते चौथं, ज्याने एकही फळ दिलं नव्हतं. एप्रिलमध्येच त्याने रनर सोडायला सुरुवात केली होती. अम्मांच्या अंगणात भिंतीच्या सावलीत त्यांचा पिण्याच्या पाण्याचा माठ असतो. त्याच्या बुडाशी दिवसभर ओल. अम्मांनीच सुचवलं, ते रोप आणून माठाच्या कडेला ठेवलं आणि ते जगलं. पुढच्या हिवाळ्यात त्याने फळही दिलं. आंबट. अम्मांना तसंच आवडतं. त्या आता त्याचं पाचक करतात, काळं मीठ घालून, मास्तरांच्या वहीतल्या लिंबाच्या प्रमाणाने.

त्यानंतर दर उन्हाळ्यात बरीच रोपं जातात, दोन-तीन उरतात. बी मी पुन्हा पेरलं नाही. वहीची अठरा पानं अजून वाचायची आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं पण अम्मांच्या डोळ्यांना बारीक अक्षर लागत नाही. त्यांच्या धाकट्या नातीने मध्ये दोनदा येऊन शेजारी बसून ऐकलं आणि चार नुक्त्यांचं एक अक्षर हातावर पेनने काढून नेलं. माझी लेक पुण्याला शिकते. तिचं मराठी आता माझ्यासारखं राहिलं नाही, नागपुरी हिंदीची फोडणी कायमची बसली आहे.

काल दुपारी पाहिलं तर एक रनर माठाच्या तिवईवरून खाली लोंबत फरशीला टेकला होता, पेरावर दोन पानं उलगडलेली. तिथे माती कुठली! एक रिकामा डबा मातीने भरून त्याच्याखाली सरकवला. केसातली पिन काढून वाकवली आणि पेर मातीत दाबून धरलं. अम्मांनी खुर्चीतून विचारलं, "लगा?" मी म्हटलं, अजून आठ-दहा दिवस दोरी तोडायची नाही.